लॉन्ड्रीच्या राखेचा माग

१

कचरा डेपोच्या फाटकावर दोन खांब होते. आत जाणारी प्रत्येक गाडी त्या दोन खांबांमधून जायची. गाडीत किरणोत्सर्गी काही असलं तर भोंगा वाजेल, असं खांब बसवणाऱ्यांनी सांगितलं होतं. पण बसवल्यापासून तो एकदाही वाजला नव्हता, त्यामुळे रखवालदार त्या खांबांवर आपला टॉवेल वाळत घालायचा.

त्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतली राख घेऊन गाडी आली आणि भोंगा असा काही बोंबलला, की रखवालदाराच्या हातातला चहा टॉवेलवर सांडला. ड्रायव्हर गाडी तिथेच सोडून पळाला.

संध्याकाळपर्यंत राखेची तपासणी झाली. राखेत सिझियम होतं.

आणि हॉस्पिटलात त्याच्या आदल्याच दिवशी सिझियमची एक सुई हरवल्याचं उघडकीला आलं होतं! आगपेटीतल्या काडीच्या निम्म्याएवढी ती सुई. पोलादी, पोकळ, पोटात चिमूटभर सिझियम. कर्करोगाच्या गाठीत अशा सुया टोचून ठेवायच्या, गाठ जाळायची, मग सुया काढून शिशाच्या पेटीत परत ठेवायच्या, अशी तिथली जुनी पद्धत. नवं मशीन येणार येणार म्हणून सगळे वाट पाहत होते, पण ते काही येत नव्हतं.

लोकांनी लगेच दोन टोकं जोडली. सुई पेशंटच्या चादरीत अडकली, चादर लॉन्ड्रीत गेली, सुई जमिनीवर पडली, झाडलोटीबरोबर बॉयलरच्या भट्टीत गेली आणि तिथे फुटली. कुलपात किल्ली बसावी तसं सगळं बसलं. सुईचा शोध त्याच दिवशी थांबला. आता फक्त चादर तपासल्याशिवाय बाहेर जाऊ देणारी व्यक्ती तेवढी ठरवायची होती.

तीही ठरलेलीच होती. सुयांच्या पेटीची किल्ली जिच्याकडे असायची, वॉर्डातला चादरींचा गाडा मीटरसमोरून नेण्याची जबाबदारी जिची होती, ती चाळिशीची बाई. तिला घरी बसवण्यात आलं. तीन आठवड्यांनी समिती बसणार होती. समितीने दोष पक्का केला तर तिला पुन्हा कुठल्याही हॉस्पिटलात अशा कामाला हात लावता आला नसता. वर पोलिसांकडे प्रकरण जाणार ते वेगळंच.

दोन आठवडे ती गप्प बसली. समितीची तारीख कळली तेव्हा तिने फोन उचलला आणि एकच नंबर फिरवला.

२

धूळमावशी तेव्हा खिडकीच्या काचा पुसत होती. हे नाव तिला तरुणपणीच पडलं. ती प्रयोगशाळेत लागली त्या काळात मोठमोठे देश वाळवंटात, समुद्रातल्या बेटांवर, बर्फाळ निर्जन प्रदेशात बॉम्ब उडवून पाहत होते. युद्धाचे नव्हेत, चाचणीचे. त्यांची धूळ इतकी उंच जायची, की वर्षभर वरच तरंगत राहायची, पृथ्वीभोवती फिरायची आणि मग कुठल्या तरी भलत्याच गावात पावसाबरोबर खाली यायची. ती पकडायला मावशीच्या प्रयोगशाळेने ठिकठिकाणी गच्च्यांवर ट्रे मांडले होते. डिंक लावलेले कागद पसरले होते. रोज सकाळी मावशी शिडीने चढायची, कागद उचलायची, जाळायची आणि राख मोजायची. घरचे विचारायचे, आज काय केलंस? ती म्हणायची, धूळ गोळा केली. तिच्या वडिलांना पुढे कित्येक वर्षं वाटत होतं की मुलीला झाडूवाली म्हणूनच ठेवलंय.

ते दिवस मावशीला अजून लख्ख आठवायचे. थंड शिडी, डिंकाचा वास, आणि मैलभर निळं, निष्पाप दिसणारं आभाळ.

"मावशी, मी गाडा मीटरसमोरून नेला होता," भाची आल्या आल्या म्हणाली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"आधी बस."

"बसायला नाही आले. मीटर वाजला नाही. मी थांबले, पुन्हा एकदा नेला, तरी वाजला नाही. मग सोडला."

"नक्की?"

"तू पण?" भाचीचा आवाज चिरकला. "आईने विचारलं, नवऱ्याने विचारलं, आता तू!"

"मी विचारणारच. समितीही विचारणार आहे, आणि ती तुला चहा देणार नाही." मावशीने कप पुढे सरकवला. "मीटर चालू होता?"

"वॉर्डात सुया असताना तो दाराशी सारखा टिकटिकत असतो. त्या दिवशीही टिकटिकत होता. चालू होता म्हणूनच ना?"

"आणि सुया काढल्या कोणी?"

"मोठ्या डॉक्टरांनीच. मी पेटी धरून उभी होते. पेटीत लावताना एक खाच रिकामी राहिली. तेव्हाच ओरडले मी. मीच ओरडले, मावशी! लपवायचं असतं तर ओरडले असते का?"

भाची खरं बोलत असेल तर सुई चादरीतून गेलीच नव्हती. मग राखेत सिझियम आलं कुठून? आणि भाची खोटं बोलत असेल, तर काय करायचं हे मावशीला ठाऊक होतं, म्हणूनच तिला चहा कडू लागला.

३

किरणोत्सर्ग खात्याचा तपासनीस मावशीचा जुना विद्यार्थी. हुशार, पण भयंकर घाईचा. मावशी त्याला तेव्हा उतावळा म्हणायची आणि आता डोक्यावरचे केस गेले तरी म्हणायची.

"बाई, तुम्ही आलात हे उत्तम, पण ती तुमची भाची आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच मी कशाला हात लावणार नाही. नमुना तू घे, मशीन तू चालव, आकडा तू वाच. मी मागे हात बांधून उभी राहते."

आणि ती खरोखरच मागे हात बांधून उभी राहिली. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. तपासनिसाने राखेची सीलबंद पिंपं उघडली. वरची राख घेतली, तळाची घेतली, मधली घेतली. सगळीकडे सिझियम. सगळीकडे जवळजवळ सारखंच.

"काय दिसतंय?" मावशीने विचारलं.

"सिझियम दिसतंय, बाई. तेच तर म्हणतोय."

"कणकेत मीठ मळावं तसं सारखं पसरलंय. सुई फुटली असती तर एका ठिकाणी ढीग आणि बाकी कोरडं असं झालं असतं. आणि सगळ्या पिंपांची मिळून बेरीज कर. सुईत होतं त्याच्या पासंगालाही पुरत नाही."

"सिझियम तापलं की वाफ होऊन उडतं. बाकीचं धुराड्यातून गेलं असेल. आणि भट्टीत रोज दहादा ढवळतात, म्हणून पसरलं असेल." तो थोडा हसला. "हे तुम्हीच शिकवलंत."

मावशीला ओठ चावावे लागले. पोराने बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं.

"बरं. मग स्ट्रॉन्शियम शोध," ती म्हणाली. "सुईत ते नसतं. सुईत शुद्ध सिझियम भरतात. पण बॉम्ब फुटला की सिझियम आणि स्ट्रॉन्शियम दोन्ही एकाच वेळी जन्माला येतात. दोघांचं वयही जवळजवळ सारखं, तीस वर्षांनी निम्मे होतात. त्या काळी पडलेली धूळ अजून जमिनीत असेल, तर दोघंही असतील."

"बॉम्ब?" तपासनिसाने हात थांबवला. "बाई, लॉन्ड्रीच्या भट्टीत बॉम्ब?"

"तू शोध तर."

तीन दिवस लागले. तपासनिसाने फोन केला तेव्हा त्याच्या आवाजातली घाई गेली होती.

"आहे, बाई. भरपूर आहे."

४

लॉन्ड्री हॉस्पिटलच्या मागे होती. वाफेने भरलेली लांब खोली, ओल्या चादरींचे डोंगर, आणि टोकाला बॉयलर. बॉयलर सांभाळणाऱ्याला सगळे भट्टीकाका म्हणायचे. तो बसायचा एका मोडक्या खुर्चीवर, आणि बॉयलरशी बायकोशी बोलावं तसं बोलायचा.

"माझ्या भट्टीत सुईबिई काही आलं नाही," तो मावशीला पाहताच म्हणाला. "तपासायला आलेल्यांना सांगितलंय, तुम्हालाही सांगतो."

"मी सुईचं विचारायला आले नाही. लाकडाचं विचारायला आले."

भट्टीकाकाचा चेहरा एकदम मोकळा झाला. लाकडाचं त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "लाकूड आता फसक्लास येतंय बघा. आधी खोक्यांच्या फळ्या यायच्या, नुसत्या खिळ्यांनी भरलेल्या. फुर्रकन जळायच्या. आता दोन महिने ओंडके येतात. जाडजूड. एक टाकला की तासभर बघायला नको."

"आणि राख?"

"राख कधी तरी साठली की गाडी येते. ओंडक्यांची राख नेली ती ही पहिलीच खेप." तो थांबला. "तीच वाजली, नाही का?"

मावशीने मान हलवली. तिच्या मनात काहीतरी जुळायला लागलं होतं, पण अजून तिने ते मोठ्याने म्हटलं नाही.

"ओंडके येतात कुठून?"

"मला काय माहीत. वखारवाल्याला विचारा. पण जपून. तो एकदा बोलायला लागला की संध्याकाळ होते."

निघण्याआधी तिला मोठ्या डॉक्टरांना भेटायचं होतं. ते वरच्या मजल्यावर, आपल्या खोलीत होते. खोली मोठी, टेबल त्याहून मोठं. टेबलावर स्टीलची एक बशी आणि बशीत सुया. मावशी दारातच थबकली.

"डमी आहेत त्या, घाबरू नका," डॉक्टर हसले. "रिकाम्या. खऱ्या सुया टोचण्याआधी जागा बघायला आम्ही या टोचतो. विद्यार्थ्यांना शिकवायलाही लागतात. खऱ्यांना लाल दोरा, डमींना पांढरा. एकदम सोपं."

ते बोलायला लागले आणि बोलता बोलता त्यांनी बशीतली एक सुई उचलून अंगठा आणि तर्जनीत फिरवायला सुरुवात केली. काही लोक पेन फिरवतात तशी. सवयच होती ती. वॉर्डातल्या नर्स त्यांच्या मागे त्याची नक्कल करायच्या.

"तुमच्या भाचीबद्दल मला वाईट वाटतं. चांगली मुलगी आहे," ते म्हणाले. "पण थकलेली होती. थकल्यावर माणसाचं लक्ष उडतं."

"ती म्हणते, तिने गाडा दोनदा नेला."

"ती म्हणणारच. तुम्ही तिच्या जागी असता तर काय म्हणाला असता?"

"खरं असतं ते."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मावशी, माझ्यावर रागावू नका. पण राख खोटं बोलत नाही."

"नाही बोलत," मावशी म्हणाली. "पण तिला विचारायचं काय, ते आपल्याला कळलं पाहिजे." मग तिची नजर त्यांच्या बोटांवर गेली. अंगठ्याचं टोक लालबुंद होतं, कातडं सोलल्यासारखं. "हे काय झालं?"

"गरम कप. मी चहाच्या बाबतीत अधाशी आहे."

मावशीने मान डोलावली आणि बाहेर पडली. जिन्यात तिला उगाच अस्वस्थ वाटलं. काहीतरी दिसलं होतं, पण काय, ते तिच्या हाती लागत नव्हतं. वय झालं की असं होतं, असं म्हणून तिने स्वतःला रागावलं आणि वखारीची वाट धरली.

५

वखारवाला अगदी भट्टीकाकाने सांगितला तसाच निघाला. ओंडके वरच्या डोंगरावरचे, हे सांगायला त्याने आधी आपल्या सासऱ्यांचा दमा, मग डिझेलचा भाव, मग पुन्हा दमा असं सगळं सांगितलं. मावशी ऐकत राहिली. अखेर कळलं: विजेच्या मोठ्या तारा न्यायच्या म्हणून डोंगराच्या पलीकडच्या उतारावर जंगल कापलं जात होतं. तिथली झाडं म्हातारी. कोणी आजवर त्यांच्या वाटेला गेलं नव्हतं.

"पावसाकडचा उतार?" मावशीने विचारलं.

"तोच. तिथे इतका पाऊस पडतो, की शेवाळाला शेवाळ येतं."

मावशी एका ओंडक्यावर बसली. त्या उतारावर ती गेली होती. तिथेच एक केंद्र होतं, एक खोली आणि गच्चीवर ट्रे. साऱ्या केंद्रांत सगळ्यात मोठे आकडे तिथून यायचे, कारण वरची धूळ पाऊस खाली आणतो आणि तिथे पाऊस थांबतच नसे. ती धूळ मातीत गेली. मातीतून मुळांनी घेतली. झाडांना पोटॅशियम हवं असतं, आणि सिझियम त्याच्यासारखंच दिसतं, झाड फसतं. मग कोणी झाड तोडतं, जाळतं, पाणी आणि धूर उडून जातो आणि मोठ्या ओंडक्याची मूठभर राख उरते. झाडाने आयुष्यभर जमवलेलं सगळं त्या मुठीत.

"उतावळ्या," तिने तपासनिसाला फोन केला, "इथे ये. वखारीतला एक ओंडका घेऊन जा. हॉस्पिटलात न गेलेला. माझ्यासमोर नको, वखारवाल्याला साक्षीदार ठेव."

तपासनिसाने ओंडका कापला, प्रयोगशाळेच्या छोट्या भट्टीत जाळला, राख मशीनखाली ठेवली. त्या ओंडक्याने हॉस्पिटल कधी पाहिलं नव्हतं. कोणतीही सुई, कोणतीही चादर, कोणाचाही थकवा त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. तरी राखेत सिझियम होतं, आणि लॉन्ड्रीच्या राखेइतकंच होतं.

दुसऱ्याही एका शंकेचा निकाल लागला. एखाद्या अणुभट्टीच्या अपघाताची धूळ असेल काय, असं तपासनिसाने विचारलं. मावशीने त्याला प्रयोगशाळेच्या तळघरातलं कपाट दाखवलं. त्याच उताराची माती, तेव्हाच बरणीत भरून सील केलेली, जगात अजून तसा एकही अपघात झाला नव्हता तेव्हाची. मोजल्यावर त्या मातीतही तीच दोन नावं निघाली.

"म्हणजे हे बॉम्बचं," तपासनीस हळू म्हणाला. "इतक्या वर्षांपूर्वीच्या बॉम्बचं. आणि ते उडवणाऱ्यांना या डोंगराचं नावसुद्धा माहीत नसेल."

"नाव माहीत करून घ्यायची त्यांना गरजच पडली नाही. आम्ही ट्रे मांडून बसलो होतो ना, त्यांची मोजदाद करायला." मावशी बरणीचं झाकण लावत होती. "गुन्हेगार सापडला, पण याला घरी बसवता येणार नाही."

तपासनीस आनंदाने उठला. "बाई, उद्या सकाळी समिती आहे. तुमची भाची सुटली!"

मावशीचा हात झाकणावरच थांबला.

"उतावळ्या," ती म्हणाली, "राखेत सुई नाही. मग सुई कुठे आहे?"

६

रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी ती भाचीला आणि तपासनिसाला घेऊन टॅक्सीत बसली. आतापर्यंत सगळे म्हणत होते, सुई राखेत सापडली. आता ती कुठेही असू शकत होती: एखाद्या पलंगाच्या गादीत, एखाद्या पाकिटात, एखाद्या लहान मुलाच्या खिशात. तीन आठवडे.

"शोध कुठपर्यंत झाला होता?" तिने तपासनिसाला विचारलं.

"वॉर्ड, लॉन्ड्री, गटारं, कचरा. तळमजला पूर्ण. मग राख वाजली आणि थांबवला."

"वरचा मजला?"

"वर नुसत्या ऑफिसच्या खोल्या आहेत, बाई. सुया वर जातच नाहीत."

"एक सांग," ती भाचीकडे वळली. "सुया काढताना दोरा तुटतो का कधी?"

"तुटतो की. भिजून कुजतो. तुटला की चिमट्याने सुई धरायची आणि पेटीत टाकायची."

"तेव्हा मीटर काय करतो?"

"ओरडतच असतो. सगळ्या सुया बाहेर असतात ना. एक इकडे की तिकडे, काय कळणार?"

"आणि डमी? त्या तेव्हा कुठे असतात?"

"तिथेच, शेजारच्या ट्रेत. पुढच्या पेशंटसाठी काढून ठेवतात. नंतर डॉक्टर बशी उचलून..." भाचीने टॅक्सीच्या सीटची कड घट्ट धरली. "मावशी, डमी कोणी मोजत नाही. रिकाम्या असतात म्हणून कोणीच मोजत नाही."

मावशीला आता दिसलं. त्या दिवशी बशीत दिसलेल्या प्रत्येक सुईला पांढरा दोरा होता. डॉक्टर बोटांत फिरवत होते तिला कुठलाच दोरा नव्हता.

लाल दोरा नाही, म्हणजे खरी नाही, असं एका सवयीच्या हाताने ठरवलं होतं. घाईत, नजरेनेच, एका क्षणात.

"गाडी पळवा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "भाड्याचं मागाहून बघू, आधी पळवा."

समिती डॉक्टरांच्याच खोलीत बसली होती. तीन माणसं, मधे मोठं टेबल, कडेला पाण्याचे ग्लास. बशी नेहमीच्या जागी. आणि डॉक्टर, खुर्चीत मागे रेलून, अध्यक्षांना काहीतरी समजावून सांगत होते. त्यांचा डावा हात टेबलावर होता. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली जात होती, शांतपणे, लयीत.

तपासनिसाने दारातच मीटर चालू केला. तो आधी हळू टिकटिकला. दोन पावलांनी टिकटिक भराभर झाली. टेबलाजवळ तिची सलग किंकाळी झाली.

अध्यक्ष उठून उभे राहिले. "हे काय चाललंय?"

"डॉक्टर," मावशी म्हणाली, "हातातली सुई टेबलावर ठेवा. हळू. आणि मागे सरका. सगळेच मागे सरका."

डॉक्टरांनी हाताकडे पाहिलं. आधी काहीच कळलं नाही त्यांना. मग लालबुंद अंगठ्याकडे पाहिलं. पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, की मावशीला नजर वळवावी लागली.

"दोरा नव्हता तिला," ते म्हणाले. एवढंच. "लाल दोरा नव्हता."

सुई टेबलावर पडली. बारीक, चकचकीत, काहीच केलं नसल्यासारखी.

कोणी हलेना. मग भाची पुढे झाली. तिने कोपऱ्यातून लांब चिमटा घेतला, खालून शिशाची छोटी पेटी मागवली, ती येईपर्यंत एका हाताने अध्यक्षांना दाराकडे ढकललं आणि सुई चिमट्यात धरून सगळ्यांसमोर पेटीत ठेवली. झाकण लागलं. मीटरचा आवाज एकदम थांबला.

"पेटीत आली," ती म्हणाली. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "मी म्हणालो होतो, तू थकली होतीस."

"थकलेच होते," भाची म्हणाली. "पण गाडा मी दोनदा नेला होता. आता हात दाखवा. किती दिवस फिरवता ती? रोज?"

"रोज."

"किती वेळ?"

"माहीत नाही. फोनवर बोलताना. शिकवताना." त्यांनी हात पुढे केला. एवढा मोठा माणूस, पण हात पुढे करताना लहान मुलासारखा दिसला. "बोटं वाचतील?"

"ते आज कोणी सांगणार नाही," ती म्हणाली. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, बोटं नीट पाहिली, त्यांवर काहीही न लावता स्वच्छ कपडा सैल गुंडाळला आणि ज्या डॉक्टरांनी त्या बोटांवर उपचार करायचे होते त्यांना स्वतः फोन लावला. मग वळून समितीला म्हणाली, "या खोलीत आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला बोलवावं लागेल. साफसफाईवालीलाही. आजच." आणि अध्यक्षांनी, तीन आठवड्यांपूर्वी तिला घरी बसवणाऱ्या अध्यक्षांनी, होकारार्थी मान हलवली.

बाहेर व्हरांड्यात तपासनीस मावशीजवळ येऊन उभा राहिला. "बाई, मी शोध थांबवायला नको होता."

"नको होतास," मावशी म्हणाली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण बोलणं मागे घेतलं नाही.

परतीच्या वाटेवर दोघी जणी चालतच निघाल्या.

"मावशी," भाची म्हणाली, "राखेत स्ट्रॉन्शियम निघालं नसतं तर?"

मावशी चालत राहिली. खोटं बोलायची ही सोपी जागा होती. कोणीही माफ केलं असतं.

"तर तसं सांगितलं असतं समितीला. नाही निघालं म्हणून."

"माझ्याविरुद्ध?"

"हो."

भाची थांबली. तिने मावशीच्या चेहऱ्याकडे असं पाहिलं, की मावशीला वाटलं, आता हिची आणि आपली भेट कधी तरीच व्हायची. मग भाचीने तिचा हात आपल्या हातात घेतला आणि रस्ता ओलांडायला लागली.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "नवऱ्याने वकिलाचा नंबर दिला होता, आईने कोणा साहेबांचा दिला होता. मी तुलाच फोन केला."